४९९ची पाटी, ९९ची झुंबड

१ जुलै २०११ रोजी अमेरिकेत एचपीचा टचपॅड हा टॅब्लेट बाजारात आला. किंमत ४९९ डॉलर, म्हणजे आयपॅडच्या सुरुवातीच्या मॉडेलइतकीच. पडदाही तेवढाच, ९.७ इंची. उघडी ॲप्स पत्त्यांसारखी मांडून नको ते बोटाने वर भिरकावायचं, ही त्याची सोय तर आयपॅडहून सरस होती. तरी गिऱ्हाईक फिरकेना. आयपॅडसाठीच्या ॲप्सची संख्या तेव्हा लाखाच्या घरात होती, टचपॅडसाठी जेमतेम काही शे. ग्राहक नाहीत म्हणून ॲप लिहिणारे येत नाहीत आणि ॲप्स नाहीत म्हणून ग्राहक येत नाहीत, असं हे दुष्टचक्र. सात आठवड्यांत एचपीने गाशा गुंडाळला, उरलेला माल ९९ डॉलरला काढला आणि त्यावर झुंबड उडाली.

मग खरा प्रश्न किमतीचाच होता, असं कुणी म्हणेल. पण ९९ डॉलरमध्ये यंत्राच्या सुट्या भागांचा खर्चही सुटत नव्हता. ही लूट होती, धंदा नव्हे. स्वस्ताई परवडते ती यंत्राबाहेर कमाई असणाऱ्याला. ॲमेझॉनने त्याच वर्षी नोव्हेंबरात किंडल फायर १९९ डॉलरला आणला, तो पुस्तकं, सिनेमे, गाणी विकण्याच्या भरवशावर. अशा सात इंची टॅब्लेटसोबत बोटं घासायला सँडपेपरही द्यावा लागेल, अशी खिल्ली ॲपलच्या स्टीव्ह जॉब्स यांनी २०१०मध्ये उडवली होती. पण २०१२च्या नोव्हेंबरात ॲपलचाच ७.९ इंची आयपॅड मिनी ३२९ डॉलरला दुकानात आला.