दारावरचा शिपाई

परीक्षा जवळ आली, की आमच्या बुलढाण्याच्या महाविद्यालयात जो तो वेळापत्रक विचारायला हेडक्लार्कपुढे उभा! शेवटी शिपायाने एक प्रत दारावरच ठेवली आणि गर्दी तिथेच ओसरली.

संकेतस्थळांचेही तसेच. प्रत्येकासाठी पान नव्याने रचता रचता सर्व्हर दमतो. म्हणून त्याच्यापुढे ‘रिव्हर्स प्रॉक्सी’ बसवतात. एकदा रचलेले पान ती जपून ठेवते आणि पुढच्यांना तेच देते. नॉर्वेतील ‘व्हेर्डेन्स गांग’ या वृत्तपत्रासाठी घडवलेली ‘वार्निश’ ही अशी प्रणाली २००६ साली बाहेर आली.

जपलेल्या पानाला मुदत मात्र हवी. नाहीतर बदललेले वेळापत्रक कळावे कसे? आणि वाचकहो, वेळापत्रक सर्वांचे, गुणपत्रिका ज्याची त्याची! तीही दारावर ठेवली, तर एकाचे गुण दुसऱ्याच्या हाती पडायचे. काय जवळ ठेवू नये, हे शिपायाला आधी कळले पाहिजे.