संघ बदलला म्हणजे निष्ठा सोडली?

खेळाडूने संघ बदलला की आपण त्याला गद्दार ठरवून मोकळे होतो. मला हे पटत नाही. डोंबिवलीत वाढलेला अजिंक्य रहाणे आयपीएलमध्ये मुंबई, राजस्थान, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई असा फिरला. तिथे बहुतेकदा लिलावच संघ ठरवतो. रणजीत मात्र तो मुंबईचाच राहिला. कुणी म्हणेल, मुंबईकडून खेळलं की भारतीय संघाची वाट सोपी होते, मग सोडेल कशाला? पण जुलै 2023 नंतर कसोटी संघाबाहेर असतानाही पस्तिशीतल्या रहाणेने मुंबईचं नेतृत्व केलं. मार्च 2024 मध्ये वानखेडेवर विदर्भाविरुद्धच्या अंतिम सामन्यात दुसऱ्या डावात त्याने 73 धावा काढल्या आणि मुंबईने 42वं विजेतेपद मिळवलं. पुढच्या लिलावानंतर कुणाला नावं ठेवण्याआधी त्याची रणजीतली कामगिरी जरूर बघा.