हातचा हुनर हेच पहिले भांडवल

धंदा काढायचा म्हटले की आपले तरुण प्रथम रकमेचा विचार करतात. आमच्या मते आधी हुनर तपासावा, मग रक्कम.

भिवंडी-मालेगावकडे यंत्रमागावर वर्षानुवर्षे राबलेला कारागीर साठवलेली पुंजी घेऊन कापडाचे दुकान मांडतो. पण विणणे वेगळे आणि विकणे वेगळे. दुकानदाराला गिऱ्हाईक ओळखता यावे लागते, उधारी वसूल करता यावी लागते. कारागिराला ताण्याबाण्यातला दोष कळतो. त्याने माग भाड्याने घेऊन मजुरीवर कापड विणावे. सूत व्यापाऱ्याचे असते, त्यामुळे आपली रक्कम सुतात अडकत नाही. माग दुरुस्त करता येत असेल तर चार कारखान्यांची दुरुस्ती पत्करावी. त्याला हत्यारांपलीकडे फारसे लागत नाही.

स्वतःला तीन सवाल विचारावेत. हे काम मला एकट्याला येते का? त्याचे पैसे आज कोणी मोजतो का? ते किती दिवसांनी हाती येतात? तिसरा सवाल सर्वांत महत्त्वाचा. वहीत नफा दिसतो आणि घरात चूल पेटत नाही, असे उधारीच्या धंद्यात नेहमी घडते. म्हणून तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवूनच सुरुवात करावी.

‘उद्यम’ नोंदणी मोफत आहे, ती जरूर करावी. 2006 च्या कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या लहान कारखानदाराचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसल्यास 15 दिवसांत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. भांडवल कमी पडल्यास 2015 पासूनच्या मुद्रा योजनेत 50 हजारांपर्यंतचे ‘शिशु’ कर्ज विनातारण मिळते. मात्र कर्ज हत्यारांसाठी घ्यावे, दुकानाच्या सजावटीसाठी नव्हे.