‘सुरक्षा जाळे’ म्हणजे नेमके काय?

दुष्काळ पडला किंवा अर्थसंकल्प सादर झाला, की बातम्यांमध्ये ‘सामाजिक सुरक्षा जाळे’ हा शब्दप्रयोग हमखास येतो. इंग्रजीतील ‘सेफ्टी नेट’चा हा शब्दशः अनुवाद आहे. मराठीत मात्र जाळे म्हटले, की शिकाऱ्याचे जाळे आठवते. जाळ्यात सापडणे म्हणजे संकटात सापडणे. त्यामुळे या शब्दाचा अर्थ समजून घेणे आवश्यक ठरते.

मूळ अर्थाने ही सर्कशीतील जाळी होय. उंच झुल्यावरील कलाकाराचा हात सुटला, तर ती त्याला झेलते. उंच बांधकामांवरही ती वापरतात. अमेरिकेतील गोल्डन गेट पुलाच्या उभारणीत अशा जाळीमुळे १९ कामगार वाचले. मात्र १७ फेब्रुवारी १९३७ रोजी कोसळलेल्या मचाणाच्या भाराने जाळी फाटली आणि १० जणांचा मृत्यू झाला. जाळी आधीच बांधलेली हवी आणि भार पेलणारीही हवी, हे यातून स्पष्ट होते.

लाक्षणिक अर्थालाही हेच निकष लागू पडतात. पीक बुडाले, काम सुटले वा घरातील कर्ता गेला, तर कुटुंबाला सावरणारी व्यवस्था म्हणजे सामाजिक सुरक्षा जाळे. महाराष्ट्राची रोजगार हमी योजना हे त्याचे ठळक उदाहरण. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेली ही योजना १९७२ च्या भीषण दुष्काळात राज्यभर पोहोचली. तिला कायद्याचे अधिष्ठान मिळाले आणि तो कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. ग्रामीण भागातील प्रौढ व्यक्तीने काम मागितल्यास ते देणे सरकारवर बंधनकारक झाले. काम न दिल्यास बेकारभत्ता देय होता. खर्चासाठी व्यवसाय कराचा आधार घेण्यात आला. पुढे २००५ च्या राष्ट्रीय कायद्याने ग्रामीण कुटुंबांना वर्षाला १०० दिवसांच्या कामाची हमी दिली.

मुंबईत मंत्रालयाच्या इमारतीत दोन्ही अर्थ एकत्र येतात. गाऱ्हाणी घेऊन आलेल्यांच्या आत्महत्या आणि तशा प्रयत्नांनंतर फेब्रुवारी २०१८ मध्ये तेथे खरीखुरी जाळी बसविण्यात आली. ती माणसाला झेलू शकते. त्याचे गाऱ्हाणे सोडवू शकत नाही. ते काम दुसऱ्या, न दिसणाऱ्या जाळ्याचे आहे.

म्हणूनच एखाद्या योजनेला ‘सुरक्षा जाळे’ म्हटले जाते, तेव्हा तीन गोष्टी पाहाव्यात: मदत हक्क म्हणून मिळते का, वेळेत मिळते का आणि पुरेशी असते का.