पाण्यातला शत्रू



आपल्या ह्या वसंतातल्या व्याख्यानांना तत्त्वज्ञान, इतिहास, अर्थकारण अशा भारदस्त विषयांची सवय आहे. आजचा माझा विषय ऐकून कुणाच्या कपाळाला आठी पडली असेल, तर त्यात त्यांचा दोष नाही. मी बोलणार आहे तो मुलांच्या एका व्हिडिओ गेमविषयी. आणि त्यातही खेळाच्या नायकाविषयी नव्हे, तर त्यातल्या एका शत्रूच्या जमातीविषयी. ह्या जमातीचे नाव झोरा.

विषय सुचला तो घरातच. दिवाळीच्या सुटीत माझा आठ वर्षांचा नातू पडद्यासमोर बसला होता. पडद्यावर हिरव्या अंगरख्याचा एक मुलगा नदीच्या काठाने चालला होता. इतक्यात पाण्यातून एक डोके वर आले, त्याने तोंडातून आगीचा गोळा फेकला आणि ते पुन्हा बुडाले. मी विचारले, "हा कोण रे?" तो म्हणाला, "झोरा. शत्रू आहे." "त्याने तुझे काय वाकडे केले?" नातू क्षणभर थांबला आणि म्हणाला, "आजोबा, तो शत्रूच असतो."

शेजारी त्याची मोठी बहीण बसली होती. ती हसून म्हणाली, "माझ्या खेळात तर झोरा आपले मित्र आहेत!" मग दोघांचे भांडण जुंपले. ते सोडविताना माझ्या ध्यानात आले की दोघेही खरे बोलत होती. एकाच खेळमालिकेतली ही एकच जमात एके काळी शत्रू होती आणि पुढे सोयरी झाली. हे कसे घडले, ते समजावून घेण्यासारखे आहे.

प्रथम थोडी माहिती. 'द लेजंड ऑफ झेल्डा' ह्या मालिकेतला पहिला खेळ जपानमध्ये फेब्रुवारी १९८६ मध्ये निघाला. तो काढणारी निन्टेन्डो ही कंपनी क्योटो शहरातली. १८८९ मध्ये ती स्थापन झाली ती हानाफुदा नावाचे जपानी पत्ते बनविण्यासाठी. खेळाचे मुख्य कर्ते शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका. लहानपणी क्योटोच्या आसपासच्या डोंगरांतून आणि गुहांतून आपण भटकलो, त्या भटकण्यातला आनंद खेळात उतरवावा अशी आपली इच्छा होती, असे मियामोतो सांगत आले आहेत. खेळातला देश हायरूल, राजकन्या झेल्डा आणि तिच्या सुटकेसाठी निघालेला मुलगा लिंक.

आता ह्या पहिल्या खेळात झोरा काय करतो? पाण्यातून वर येतो, आगीचा गोळा फेकतो, बुडतो. एवढेच. तो बोलत नाही, त्याला घर नाही, मुलेबाळे नाहीत, रागावण्याचे कारणही नाही. पण रचनेच्या दृष्टीने तो मोठ्या कामाचा. लिंकला पोहता येत नाही, आणि झोरा पाणी सोडत नाही. त्यामुळे नदीकाठ हा धोक्याचा ठरतो. डोके वर केव्हा येते ह्याकडे मुलाला नजर ठेवावी लागते, गोळा चुकवावा लागतो, आणि वार करायचा तर तो बुडण्याच्या आत करावा लागतो. खेळाडूला जिथे पाऊल टाकता येत नाही, नेमका तिथेच शत्रूला बसविला आहे. ही युक्ती साधी आणि अचूक आहे.

तो मुका का, ह्याचे एक व्यावहारिक कारणही आहे. हा खेळ ज्या चकतीवर निघाला तिच्यावर सुमारे ११२ किलोबाइट माहिती मावत असे. रोमन अक्षरांत मोजले तर ही लाखभर अक्षरे, म्हणजे एक लहानसे पुस्तक. तेवढ्यात सारा देश, त्यातली भुयारे, चित्रे, संगीत आणि खेळाचे नियम बसवायचे होते. अशा ठिकाणी शत्रू फार स्वस्त पडतो. त्याला एक चित्र आणि एक वाईट सवय दिली की काम भागते. मित्र मात्र महाग असतो. त्याला नाव लागते, गाव लागते, बोलणे लागते, आणि कालचे आठवावे लागते. श्रोते हो, माझ्या आजच्या व्याख्यानाचे सार ह्या दोन वाक्यांत आहे : शत्रूला जागा थोडी लागते. शेजाऱ्याला पुष्कळ लागते.

पुढचा पालट पाहायचा असेल तर एकाच गोष्टीवर लक्ष ठेवावे : लिंक पाण्यात कसा उतरतो.

१९९१ मध्ये 'अ लिंक टु द पास्ट' निघाला. ह्याला जागा एक मेगाबाइट, म्हणजे पहिल्याच्या नऊपट. नदीतले झोरा अजून गोळे फेकीतच होते. पण नदीच्या उगमाकडे, धबधब्यापाशी गेले की एक अगडबंब झोरा वर येतो आणि चक्क बोलतो. तो त्यांचा राजा. त्याच्याजवळ पोहण्यासाठी पायांत घालायचे पंख आहेत आणि ते तो विकतो. किंमत पाचशे रुपी! ह्या खेळातल्या नाण्याचे नाव खरोखरच 'रुपी' आहे. मात्र ते नाणे म्हणजे रंगीत षट्कोनी खडा. राजाची विक्री रोखीची आहे, तीत माया नाही. तरी ज्या पाण्यातून केवळ आग येत होती त्यातून प्रथमच एक वाक्य आले, आणि लिंक पाण्यात उतरला तो त्या पाण्याच्या मालकाकडून साधन विकत घेऊन. बाजारात जे एकमेकांना भेटतात त्यांना पुढे बोलायला निदान एक विषय मिळतो.

१९९८ मध्ये आला 'ऑकरिना ऑफ टाइम'. आता जागा बत्तीस मेगाबाइट. ह्यात झोरांना देश मिळाला : धबधब्यामागे दडलेली दरी, तिच्यात निळसर प्रकाश, उंच, सडपातळ, सुंदर अंगलटीचे लोक. हायरूलच्या पाण्याचा उगम राखणे हे त्यांचे काम. त्यांना राजा आहे, आणि तो इतका स्थूल की सिंहासनावरून बाजूला सरकायला त्याला किती वेळ लागतो हे पाहून मुले खदखदा हसतात. त्याची कन्या रुटो मोठी मानी. देवमाशाच्या पोटात अडकलेली असतानाही ती लिंकला हुकूम सोडते, आणि सुटका झाल्यावर आपल्या आईचा नीलमणी त्याला देते; हा वाङ्निश्चयाचा मणी आहे हे त्या भोळ्या पोराच्या गावीही नसते. पुढे सात वर्षांनी लिंक परत येतो तो झोरांची दरी बर्फाने गोठलेली आणि खालचे सरोवर आटलेले. तो राजाला बर्फातून सोडवितो, आणि राजा त्याला एक अंगरखा देतो. तो घातला की पाण्याखाली श्वास घेता येतो. १९९१ मध्ये विकत घेतलेले आता भेट म्हणून मिळाले.

त्यानंतरचा टप्पा मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. २००० सालच्या 'मजोराज मास्क' ह्या खेळात लिंकला समुद्रात तरंगणारा एक जखमी झोरा सापडतो. त्याचे नाव मिकाऊ. एका वाद्यवृंदात तो गिटार वाजवितो. त्याच वृंदातली गायिका लुलू हिने अंडी घातली, ती चाच्यांनी पळविली, आणि त्या धक्क्याने तिचा कंठच गेला. अंडी सोडवायला गेलेला मिकाऊ घायाळ होऊन काठाला लागला आहे. लिंक त्याला शांत करणारे एक गीत वाजवितो, मिकाऊचा प्राण जातो आणि त्याचा मुखवटा होऊन उरतो. तो मुखवटा चढविला की लिंक स्वतः झोरा होतो. आता मुलाच्या बोटांखाली झोराचेच हातपाय असतात. त्याच अंगाने तो चाच्यांच्या तळावर जातो आणि सातही अंडी परत आणतो. वृंदातल्या लोकांना वाटते की मिकाऊच परतला. चौदा वर्षांपूर्वी ज्या डोक्यावर बाण सोडायचा होता, त्याच्या डोळ्यांनी पाहायला हा खेळ लावतो.

येथपर्यंत ऐकून कुणी म्हणेल, यंत्राची शक्ती वाढली आणि शत्रू माणसाळला. त्यात खेळ करणाऱ्यांचे कर्तृत्व कसले? गोष्ट इतकी सरळ नाही. २००१ च्या 'ओरॅकल ऑफ एजेस' ह्या खेळात झोरांचे दोन प्रकार दाखविले : समुद्रातले सुसंस्कृत आणि नदीतले रानटी. जुन्या आणि नव्या खेळांतली विसंगती मिटविण्याचा तो सोयीचा मार्ग होता. पण ह्या सोयीची किंमत पाहा. एका जमातीवरचे 'शत्रू' हे नाव पुसले गेले नाही. ते तिच्या धाकट्या शाखेवर सरकविले गेले. अमुक लोक वाईट नाहीत, त्यांच्यातले तमुक तेवढे वाईट, असे म्हणताना आपणही आपल्या मनाची अशीच समजूत घालतो. पुढे २०१३ मध्ये 'अ लिंक बिट्वीन वर्ल्ड्स' निघाला तेव्हा यंत्रात जागेची वाण मुळीच नव्हती, तरी नदीचे झोरा गोळे फेकीतच राहिले. म्हणजे जागा असून भागत नाही. ती कुणासाठी खर्च करायची हे कुणीतरी ठरवावे लागते. तरी त्याही खेळात एक चांगला प्रसंग आहे. झोरांच्या राणीचा मणी चोरीला गेला आहे आणि त्यावाचून तिचे अंग बेसुमार फुगले आहे. तो मणी असतो माणसांच्याच गावात, एका संशयास्पद विक्रेत्यापाशी, दोनशे रुपींना! तो नेऊन दिला की राणी पोहण्याचे पंख देते. गाऱ्हाणे झोरांचे, आणि चोरीचा माल माणसांच्या बाजारात.

गाऱ्हाण्याची ही बाजू २०१७ च्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' मध्ये पुरी उलगडली. झोरांच्या नगराजवळ हत्तीच्या आकाराचे एक प्रचंड यंत्र बिघडून अखंड पाऊस पाडते आहे. धरण फुटले तर खालच्या साऱ्या प्रदेशात पूर येईल. यंत्र थांबवायला विजेचे बाण हवेत, आणि झोरांना वीज सोसत नाही. म्हणून त्यांचा राजपुत्र सिडॉन बाहेरच्या माणसाला शोधून आणतो. पण नगरातले म्हातारे झोरा रुसलेले आहेत. शंभर वर्षांपूर्वीच्या युद्धात त्यांची राजकन्या मिफा मारली गेली, आणि झोरा दीर्घायुषी असल्यामुळे तो दिवस पाहिलेले लोक अजून हयात आहेत. त्यांचा वयोवृद्ध मुझू लिंकला तोंडावर सांगतो की तिच्या मृत्यूला तुम्ही माणसेच कारण. हा राग खेळाडूला मारून मिटविता येत नाही. तो ऐकून घ्यावा लागतो. अखेर राजा एक चिलखत लिंकच्या हाती देतो. भावी पतीसाठी झोरा राजकन्येने ते स्वतः तयार करावे अशी तिथली रीत. मिफाने केलेले ते चिलखत लिंकच्या अंगाला बरोबर बसते, आणि मुझू निरुत्तर होतो. ते घालून लिंकला धबधबादेखील चढून जाता येतो.

शेवटी २०२४ मध्ये 'एकोज ऑफ विस्डम' आला. ह्यात नायिका स्वतः राजकन्या झेल्डा. नदीच्या झोरांनाही आता गाव आहे, ड्रॅड नावाचा प्रमुख आहे आणि तोंडाला भाषा आहे. सागरी झोरांची प्रमुख कुशारा. दोघांत तंटा आहे, आणि राजकन्येला दोन्हीकडे जावे लागते. रानटी म्हणून बाजूला सारलेल्या शाखेलाही अडतीस वर्षांनी तिचे म्हणणे मांडता आले.

पाण्यातल्या शत्रूशी समेट ही कल्पना जपानला नवी नाही. तिथल्या लोककथांत कप्पा नावाचा नदीतला जीव आहे. तो मुलांना आणि घोड्यांना पाण्यात ओढतो; पण पकडला गेला तर माणसाशी करार करतो, हाडे बसविण्याची विद्या शिकवितो, आणि शब्द पाळतो. झोरा कप्प्यावरूनच घेतला असे मी म्हणत नाही. पण ती वाट तिथल्या मुलांच्या ओळखीची आहे. आपल्यालाही ती अनोळखी नसावी. कालियामर्दन आपण चित्रांत पाहतो ते फणांवर नाचणाऱ्या कृष्णाचे. कालिया यमुनेच्या डोहात का आला होता, हे मात्र आपण विसरतो. भागवत सांगते की तो गरुडाच्या भीतीने तिथे लपला होता. कृष्णाने त्याला मारले नाही. गरुडाचे भय दूर करून समुद्रातल्या त्याच्या द्वीपावर परत पाठविले. विषारी डोहामागेही एक कारण होते, आणि ते कळले म्हणून शिक्षेबरोबर अभयही देता आले.

मुलांनी हे खेळ किती वेळ खेळावेत ह्याबद्दल घरोघरी वाद आहेत, आणि ते व्हावेत. पण वेळ मोजताना त्यांच्या शेजारी थोडे बसावे, अशी माझी आईबापांना आणि आजी-आजोबांना विनंती आहे. पाण्यातून डोके वर आले की विचारावे, "त्याने तुझे काय वाकडे केले?" पहिल्या खेळात ह्या प्रश्नाला उत्तर नाही, आणि त्याबद्दल त्या लहानशा चकतीला दोष देण्यात अर्थ नाही. तिच्यात जागाच तेवढी होती. आपल्या मुलांच्या डोक्यात ती पुष्कळ आहे. तिच्यात 'शत्रूच असतो' एवढे एकच वाक्य भरून ठेवले, तर तो दोष मात्र आपला.

सुटी संपण्याच्या सुमारास नातू माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "आजोबा, ताईच्या खेळातला तो म्हातारा झोरा खूप रागावलाय. पण त्याचं खरं आहे." मी म्हटले, "मग तू काय केलेस?" तो म्हणाला, "ऐकून घेतलं."