अंगणाचे काँक्रीट आणि मापातले पाप

आडत बाजारात हरभऱ्याचे पोते आले की त्यात टोकदार नळी खुपसून नमुना काढला जातो, दाण्याचा ओलावा पाहिला जातो, वजनातून बारदान वजा होते आणि मगच भाव ठरतो. हाच व्यापारी घरापुढच्या अंगणाचे, फाटकापासून दारापर्यंतच्या वाहनमार्गाचे किंवा गोदामासमोरच्या आवाराचे काँक्रीट करावयास निघतो, तेव्हा मात्र ‘चौरस फुटाला इतके रुपये’ एवढ्या एका वाक्यावर सौदा पक्का होतो. जाडी किती, सिमेंट किती, खाली काय घालणार, याची विचारपूस होत नाही. काम झाल्यावर वरून सारेच गुळगुळीत दिसते. दोष दिसू लागतो तो दुसऱ्या पावसाळ्यात. तोवर ठेकेदाराचा हिशेब केव्हाच चुकता झालेला असतो.

काँक्रीटमध्ये सर्वांत सहज मारले जाते ते जाडीचे माप. एक हजार चौरस फुटांचे आवार ६ इंच जाडीने करावयाचे, तर ५०० घनफूट, म्हणजे ५ ब्रास काँक्रीट लागते. कडेच्या पाट्या ६ इंचांच्याच उभ्या केल्या, पण मधला भराव इंचभर उंच राहिला, तर माल जातो सुमारे ४१७ घनफूट. एम-२० प्रतीचे, म्हणजे एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू आणि तीन भाग खडी या प्रमाणातले काँक्रीट धरले, तर ५०० घनफुटांस साधारण ११४ पोती सिमेंट लागावे; येथे ९५ पोत्यांत काम उरकते. देयकात चौरस फूट मात्र हजारच लागतात. बरे, हानी केवळ १९ पोत्यांची नाही. फरशीचा वाकण्यास होणारा प्रतिकार जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. जाडी एक षष्ठांशाने घटली, की तो सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. मालाने भरलेला ट्रक हा फरक बरोबर ओळखतो. यावर उपाय अगदी साधा आहे. काँक्रीट ओतण्यापूर्वी एका पाटीपासून दुसऱ्या पाटीपर्यंत दोरी ताणावी आणि दहा-बारा ठिकाणी, विशेषतः मध्यभागी, दोरीपासून तळापर्यंतचे अंतर फूटपट्टीने मोजावे. हे काम घरातला शाळकरी मुलगाही करू शकतो.

त्या तळाखाली काय आहे, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा. सोलापूर-लातूरकडची काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीवर थेट ओतलेले काँक्रीट कितीही उत्तम असले तरी तडकणारच. अभियंत्याने सांगितलेल्या खोलीपर्यंत काळी माती काढून टाकावी, तिच्या जागी मुरूम थराथराने पसरावा, प्रत्येक थरावर पाणी मारून रोलर फिरवावा आणि वर दगडी सोलिंग करून त्यातील फटी मुरमाने नीट भरून घ्याव्यात. सारा मुरूम एकदम ओतून वरवर रोलर फिरवणे म्हणजे दबाई नव्हे. हे काम पुढे कायमचे झाकले जाते; म्हणून प्रत्येक थराची छायाचित्रे घ्यावीत आणि दरपत्रकातही या कामाचा दर वेगळा मागावा.

मग पाण्याची गोष्ट. भारतीय मानकानुसार या एम-२० मिश्रणात सिमेंटच्या ५० किलोच्या पोत्यामागे जास्तीत जास्त ३० लिटर पाणी असावे. मिश्रण पातळ असले की ते पसरवणे सोपे जाते, म्हणून मजुरांचा कल बादलीभर अधिक ओतण्याकडे असतो. जास्तीचे पाणी उडून जाते आणि मागे बारीक छिद्रे ठेवून जाते. पुढे पृष्ठभागाची पूड निघू लागते आणि दारातला झाडू रोज पांढरा होतो. पाणी सुटलेल्या पृष्ठभागावर कोरडे सिमेंट भुरभुरून घोटाई करणे हा त्याच दोषावर घातलेला बुरखा होय. तयार काँक्रीट गाडीने आले, तर चलनावर प्रत, घनमीटर आणि भरल्याची वेळ पाहावी. गाडी दाराशी आल्यावर चालकाला पाणी घालू देऊ नये. पाणी कपड्याने गाळून घेण्याची ज्या घरांना सवय आहे, त्यांनी एवढे ध्यानी घ्यावे की गाळण्याने क्षार जात नाहीत. कूपनलिकेचे मचूळ पाणी वापरले तर आतली लोखंडी जाळी गंजण्याचा धोका वाढतो आणि वर पांढरे चट्टे उठतात.

काँक्रीट ओतल्यानंतरचे दिवस बहुधा फुकट घालवले जातात. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, तर राख मिसळलेल्या, म्हणजे आज सर्रास मिळणाऱ्या पीपीसी सिमेंटला किमान १० आणि शक्यतो १४ दिवस सतत ओलावा हवा. सकाळ-संध्याकाळ नळी फिरवणे पुरेसे नाही. वाफे बांधून पाणी साठवावे किंवा ओली गोणपाटे अंथरावीत. दुकानात रिकामी बारदाने पडलेलीच असतात. त्यांचा याहून चांगला उपयोग नाही. दुसऱ्याच दिवशी, चोवीस तासांच्या आत, यंत्राने दीड ते दोन इंच खोल सांधे कापून घ्यावेत. ६ इंच जाडीला ते बारा ते पंधरा फुटांवर असावेत. काँक्रीट आकसताना तडकतेच, फक्त ते सांध्यात तडकावे इतकीच ही योजना. भरलेला ट्रक २८ दिवस आत घेऊ नये.

ठेकेदार निवडताना त्याचे नवे काम पाहून उपयोग नाही. तीन पावसाळे खाल्लेले काम पाहावे, तेही पाऊस पडून गेल्यावर. कागदावर जाडी, प्रत, सिमेंटचा प्रकार, सांध्यांचे अंतर, शंभर फुटांस किमान एक फूट असा भिंतीपासून दूर जाणारा उतार आणि पाणी देण्याची जबाबदारी कोणाची, हे स्पष्ट लिहून घ्यावे. पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत आणि दहा टक्के अनामत एका पावसाळ्यापर्यंत राखावी. या अटीवर कुरकुर करणारा पुष्कळ काही सांगून जातो. खोदकामासाठी दिवाळी ते होळी हा काळ बरा. चातुर्मासात तर ते काढूच नये.

पुढची निगा फार नाही. वाहनाचे तेल सांडले तर त्यावर लाकडाचा भुसा टाकून ते शोषून घ्यावे, मग साबणाने घासावे. आम्ल कधीही वापरू नये, कारण ते डागासह सिमेंटही खाते. गोदामवाल्यांनी फुटलेल्या पोत्यातील अमोनियम सल्फेट आणि पाघळलेला गूळ लगेच झाडून-धुऊन काढावा, दोन्ही काँक्रीटला बाधतात. सांध्यांतील माती काढून उन्हाळ्यातच डांबर किंवा सीलंट भरावे. पन्हळीचे पाणी थेट फरशीवर न पाडता गटाराकडे न्यावे. उतारावर पृष्ठभाग आरशासारखा घोटून न घेता झाडूने खरबरीत करून घेतलेला बरा. पहाटे अनवाणी मंदिराकडे निघालेल्या आजीबाईंचे खुब्याचे हाड त्यावर अवलंबून असते. शेवाळाचाही विचार इथेच येतो. त्यात अनंत जीव मानले असल्याने ते उगवल्यावर खरवडण्याची वेळच येऊ नये, हे श्रेयस्कर. पाणी साचणारे खळगे आषाढापूर्वी भरून घेतले, कुंड्या हलवल्या आणि सावलीच्या कोपऱ्यात ऊन येऊ दिले, तर शेवाळ फारसे धरत नाही.

पहिला जोराचा पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासाने आवारात एक फेरी मारावी. जेथे अजून पाणी उभे असेल, तेथे पाणी ओसरताच रंगाने वर्तुळ काढावे, फोटो घ्यावा आणि अनामत मागायला आलेल्या ठेकेदाराला आधी त्या वर्तुळांपाशी न्यावे.