एक गळा, दोन स्वर आणि सोबतीला गिटार
सायबेरियातील तुवा प्रांताच्या कंठसंगीताला रॉकची जोड देणाऱ्या 'यात-खा'ची ओळख

- प्रतिनिधी

तानपुरा उत्तम जुळला, की कोणीही न छेडलेला गांधार त्यातून ऐकू येऊ लागतो. जाणकार त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. खर्जाच्या तारेच्या पोटात दडलेला हा स्वर जवारी नेमकी लागली की प्रकट होतो. हीच किमया एखाद्या माणसाने केवळ आपल्या गळ्यातून करून दाखवली तर? रशियाच्या दक्षिण सीमेवर, मंगोलियाला लागून असलेल्या तुवा प्रांतातील पशुपालक ती पिढ्यान् पिढ्या करीत आले आहेत. या गायकीला ते 'खूमेई' म्हणतात. तिला थेट इलेक्ट्रिक गिटारच्या शेजारी आणून बसवण्याचे धाडस 'यात-खा' या वाद्यवृंदाने केले.

कोणताही स्वर एकटा नसतो. मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे उपस्वरही उमटत असतात. एरवी आपल्याला ते वेगळे जाणवत नाहीत. तुवाचा गायक जीभ, ओठ व जबड्याच्या सूक्ष्म हालचालींनी मुखपोकळीचा आकार असा बदलतो, की त्यांपैकी नेमका एक उपस्वर उठून दिसतो. खाली खर्ज अखंड चालू राहतो आणि वर शिटीसारखी धून तरंगते.

या गायकीचे अनेक प्रकार आहेत. 'सिगित'मध्ये शिटीचा स्वर तीक्ष्ण असतो. 'कार्गिरा'मध्ये मुख्य स्वरतंतूंबरोबर त्यांच्या वरच्या आभासी स्वरतंतूंनाही कंप दिला जातो आणि मूळ स्वराच्या एक सप्तक खालचा घनगंभीर नाद निघतो. गवताळ मैदानावरचा वारा, ओढ्याचे पाणी, पक्ष्यांचे आवाज यांच्याशी या गायकीचे नाते आहे. ती सभागृहासाठी जन्मलेली नाही.

१९२१ ते १९४४ या काळात नावापुरता स्वतंत्र असलेला तुवा १९४४ मध्ये सोव्हिएत संघात विलीन झाला. भटक्या पशुपालकांना सामूहिक शेतांवर स्थिरावण्यात आले, लामा आणि शामान यांच्यावर निर्बंध आले. लोकसंगीत टिकले, पण मंचावरच्या ठरावीक पोशाखातले, ठरावीक साच्यातले. त्याच काळात पाश्चात्त्य रॉक मात्र चोरवाटांनी सोव्हिएत तरुणांपर्यंत पोहोचत होते.

या दोन्ही संस्कारांत वाढलेला गिटारवादक म्हणजे आल्बर्ट कुवेझिन. १९९१ मध्ये, सोव्हिएत संघ मोडकळीस आलेला असताना, त्याने इव्हान सोकोलोव्स्की या इलेक्ट्रॉनिक संगीतकाराबरोबर मॉस्कोत 'यात-खा'ची स्थापना केली. यात-खा हे मांडीवर किंवा जमिनीवर आडवे ठेवून वाजवण्याच्या एका तंतुवाद्याचे नाव. पुढे जगभर गाजलेल्या 'हून-हूर-तू' या पारंपरिक वृंदाच्या संस्थापकांतही कुवेझिन होता. परंतु त्याची ओढ रॉककडे असल्याने तो लवकरच तेथून बाहेर पडला. १९९५ च्या 'येनिसेई-पंक' या ध्वनिमुद्रिकेच्या नावातच त्याची दिशा स्पष्ट होते. येनिसेई ही तुवाची राजधानी कीझिल येथून वाहणारी महानदी.

कुवेझिनचा आवाज कार्गिरापेक्षाही खोल भासतो. अशा आवाजाशेजारी विकृत केलेली गिटार परकी वाटत नाही; दोघांच्याही नादात तीच घरघर, तोच उपस्वरांचा दाट थर असतो. म्हणूनच हे मिश्रण वरवर चिकटवलेले वाटत नाही.

त्याचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे २००५ ची 'रि-कव्हर्स'. तीत या वृंदाने पाश्चात्त्यांचीच गाणी आपल्या पद्धतीने गायिली. त्यांत लेड झेपेलिनचे 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' आहे. हे गाणे मुळात १९२९ मध्ये मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मॅकॉय या कृष्णवर्णीय ब्लूज कलावंतांनी ध्वनिमुद्रित केले होते. १९२७ च्या मिसिसिपीच्या महापुराची आठवण त्यामागे होती. १९७१ मध्ये लेड झेपेलिनने त्याला रॉकचा साज चढवला आणि ३४ वर्षांनी ते सायबेरियातील खर्जात पोहोचले. आता या गाण्याची 'शुद्ध' आवृत्ती कोणती म्हणावी?

परंपरेच्या रक्षकांना पडणारा प्रश्न मात्र खोटा नाही. गिटार आणि ढोल यांच्या कल्लोळात सिगितचा नाजूक उपस्वर हरवण्याचा धोका असतो; महोत्सवातील श्रोत्यासाठी ही गायकी केवळ एक चमत्कार ठरण्याचीही भीती असते. तथापि, परंपरा स्वतःही थांबलेली नाही. स्त्रियांनी खूमेई गाऊ नये, त्यामुळे अपत्यसुखाला बाधा येते, असा जुना समज होता. तो झुगारून १९९८ मध्ये 'तिवा किझी' हा केवळ स्त्रियांचा वृंद उभा राहिला. शेजारच्या मंगोलियातील 'द हू' या रॉक वृंदाच्या गाण्यांना २०१८ पासून जगभर श्रोते लाभले. २०२२ मध्ये युनेस्कोने त्याला 'शांतता कलावंत' हा मान दिला.

जेमतेम साडेतीन लाख वस्तीच्या तुवासाठी हा प्रश्न केवळ रसिकतेचा नाही. मोठ्या देशाच्या कोपऱ्यातील लहान भाषेला नव्या पिढीच्या कानात जागा मिळवायची असेल, तर नव्या पिढीची वाद्ये दूर ठेवून कसे चालेल? तानपुऱ्यातला गांधार स्वयंभू खरा; पण तो ऐकू येण्यासाठी तार कोणीतरी छेडावीच लागते. 'यात-खा'ने ती छेडली, एवढे निश्चित.